रानातल्या बेऱ्या आणि घरचा पाय : लहानपणीच्या आठवणी

पाऊसवाट
ज्यांच्या लहानपणी बेऱ्या दुकानातून नाही तर झुडपावरून घरी यायच्या त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. कुठली बेरी, कुठे मिळायची, कशी तोडायचात आणि घरी आल्यावर तिचा पाय (pie, म्हणजे मैद्याच्या पारीत फळं भरून ओव्हनमधे भाजलेलं गोड) कसा व्हायचा, सगळं लिहा. पाककृती हवीच आहे पण नुसती पाककृती नको, कारण माझं ठाम मत आहे की बेरी पाय निम्म्याहून जास्त झुडपापाशीच ठरतो, ओव्हनचं काम नंतरचं.

मीच सुरुवात करते. आम्ही भावंडं अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वाढलो, वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड डोंगरांच्या पश्चिमेला, जिकडे पाऊस जास्त. तिथे मे-जूनपासून रानात काही ना काही पिकत असतं. सगळ्यात आधी सॅमनबेरी, नारिंगी आणि लाल अशा दोन्ही रंगांची, ओढ्याच्या काठाने. मग थिंबलबेरी, ती इतकी मऊ असते की डब्यात टाकली की तिचा लगदाच होतो, म्हणून ती घरी यायचीच नाही, सगळी तिथल्या तिथे पोटात. जुलैत जमिनीवर सरपटणारी बारकी ब्लॅकबेरी आणि ऑगस्टमध्ये ती मोठी काटेरी जाळीवाली ब्लॅकबेरी, जी रस्त्याकडेला, कुंपणावर, पडक्या शेडवर, सगळीकडे माजलेली असते.

आता खरी गंमत या दोन ब्लॅकबेऱ्यांमधे आहे. बारकी आहे ती तिथली मूळची. तिच्या पानाला तीन पानोळ्या (एकाच पानाचे छोटे भाग), वेल बारीक, काटे पण बारीक आणि फळ नखाएवढं. मोठीला बहुतेक पाच पानोळ्या, फांद्या अंगठ्याएवढ्या जाड आणि काटे असे की शर्ट फाटलाच समजा. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, आम्ही त्यांना आजीच म्हणायचो, आईला पाय करायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा नियम होता की पाय करायचा तो बारक्या ब्लॅकबेरीचाच, मोठी जॅमला. आम्हाला तेव्हा हा छळ वाटायचा कारण मोठीने डबा पंधरा-वीस मिनिटांत भरतो आणि बारकीने अख्खी दुपार जाते. पण चव खरंच वेगळी, आंबट, सुगंधी आणि बिया लहान. त्या बिया दातात अडकत नाहीत हा मुद्दा मला मोठेपणी कळला, लहानपणी दातात काय अडकतंय याकडे कोणाचं लक्ष असतं.

बारकीची आणखी एक गोष्ट म्हणजे तिच्यात नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात. नर वेलाला फुलं छान मोठी येतात पण फळ धरत नाही. आम्हाला हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण कुठल्या उतारावर नुसती फुलं येतात आणि कुठे फळ मिळतं हे आम्हा मुलांना पाठ होतं आणि ती जागा आम्ही दुसऱ्या कोणाला सांगायचो नाही.

तोडायचं कसं तेही आजींनी शिकवलं. चकाकणारी काळी बेरी सोडून द्यायची, तिची चमक जाऊन ती जराशी मंद दिसायला लागली की ती पिकली. हात लावला की सुटून हातात आली पाहिजे, ओढावी लागली तर ती अजून तयार नाही आणि ब्लॅकबेरी तोडल्यावर घरी पिकत नाही, जशी आणाल तशीच राहते. झुपक्यात सगळ्यात टोकाचं फळ आधी पिकतं आणि तेच सगळ्यात गोड, ते तोडणाऱ्याचं, असा अलिखित कायदा. पायसाठी मात्र दहात एखाद-दुसरी लालसर मुद्दाम घ्यायची. अर्धकच्च्या फळात पेक्टिन जास्त असतं म्हणून रस धरायला मदत होते आणि आंबटपणाही येतो. हे लाल फळ कुठलं पाककृतीचं पुस्तक सांगत नाही, आणि याचसाठी मी म्हणतेय की पाय झुडपापाशी ठरतो.

डबा कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे. डबे उथळ, नाहीतर खालची फळं वरच्यांच्या वजनाने चेपतात. आणि मोठ्या जाळीत आत शिरायला एक जुनी फळी, ती जाळीवर आडवी टाकायची आणि तिच्यावरून चालत आत जायचं. सगळ्यात चांगली फळं कायम हातभर लांब असतात, हे आजही तसंच आहे.

बाकीच्यांनी लिहा. पाय कसा करायचो ते पुढच्या प्रतिसादात टाकते.

ओलीवाट
वा, मस्त धागा! मी फक्त वाचणार आहे पण लिहा सगळ्यांनी.

कुंपणापलीकडे
पाऊसवाट, तुमचं वाचून एकदम शाळेचे दिवस आठवले. आम्ही इंग्लंडमधे होतो, मिडलँड्समधे. तिकडे शेतांच्या कडेने हेजरो असतात, म्हणजे झाडाझुडपांची जिवंत कुंपणं, आणि ऑगस्टच्या शेवटापासून त्यांच्यावर ब्लॅकबेरी. शाळा सप्टेंबरमधे सुरू व्हायची त्यामुळे शाळेतून येतानाच तोंड जांभळं करून घरी यायचो. आई विचारायची पायसाठी किती आणल्या, आणि उत्तर तोंडावरच लिहिलेलं असायचं.

आमच्याकडे पाय नेहमी ब्लॅकबेरी आणि सफरचंदाचा, नुसत्या ब्लॅकबेरीचा कोणी करत नसे. सफरचंद पण खायचं गोड नाही, ब्रॅमली नावाचं स्वयंपाकाचं आंबट सफरचंद. ते नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये एका मुलीने लावलेल्या बीपासून आलं, आज जिथे ब्रॅमली आहे ते सगळं त्या एका झाडाचं कलम. शिजलं की ते फुलून एकदम मऊ होतं आणि ब्लॅकबेरीचा रस पिऊन टाकतं, शिवाय त्यात पेक्टिन भरपूर. म्हणून आमच्या पायला कॉर्नफ्लोअर वगैरे काही लागायचं नाही. आणि खाली कणकेचा थर नाहीच! खोल बशीत फळं, मधोमध चिनीमातीची छोटी चिमणी ठेवायची म्हणजे वाफ तिच्यातून बाहेर जाते आणि वरचं आवरण खाली बसत नाही, आणि वरून एकच पारी. खालची पारी भिजून गिच्च होण्याचा प्रश्नच मिटला.

दोन गोष्टी तिथल्या खास. एक म्हणजे कायदा. इंग्लंड-वेल्समधे १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमधे स्पष्ट लिहिलंय की रानात उगवलेली फळं, फुलं, पानं किंवा आळंबी तोडली तर ती चोरी नाही, मात्र विकायला तोडली तर आहे. आमचे बाबा हे आम्हाला फार अभिमानाने सांगायचे, कारण शेतकऱ्याने हटकलं तर काय बोलायचं याची तयारी म्हणून. (अर्थात दुसऱ्याच्या जमिनीत घुसायची परवानगी त्यातून मिळत नाही, पायवाटेवरून हाताला येईल तेवढंच घ्यायचं.)

दुसरं म्हणजे मायकलमस या ख्रिस्ती सणानंतर ब्लॅकबेरी तोडायची नाही. जुन्या पंचांगाप्रमाणे १० ऑक्टोबरच्या आसपास. गोष्ट अशी की सैतान स्वर्गातून फेकला गेला तो काटेरी जाळीत पडला आणि दरवर्षी त्या दिवशी तो त्या फळांवर थुंकतो. आम्ही मुलं हे खरं मानायचो आणि १० तारखेनंतर हातही लावायचो नाही. त्यामागे कारण आहेच, ऑक्टोबरमधे थंडी आणि ओल वाढली की फळ बेचव पाणचट होतं आणि राखाडी बुरशी धरते. मुलांना बुरशीचं सांगून कोणी थांबत नाही, सैतानाचं सांगितलं की थांबतात.

आमच्या गल्लीतल्या एक वयस्कर बाई सांगायच्या की त्यांच्या आईच्या शाळेला पहिल्या महायुद्धात ब्लॅकबेरी तोडायला सुट्टी मिळायची. मला तेव्हा थाप वाटली होती पण खरं आहे ते, १९१८ मध्ये सैनिकांच्या जॅमसाठी शाळेच्या मुलांकडून ब्लॅकबेऱ्या गोळा करून घेतल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात तसंच रानगुलाबाच्या फळांचं, संत्री मिळत नव्हती तेव्हा सी जीवनसत्त्वासाठी त्यांचं सिरप.

बर्चवन
आमचं बेरीचं रान स्वीडनमधे. आणि इथे मला कुंपणापलीकडे यांच्या कायद्याच्या मुद्द्याला जोडून सांगायचंय की तिकडे तर कोणाच्याही जंगलात जाऊन बेऱ्या तोडायचा हक्क सगळ्यांना आहे, जमीन कोणाची का असेना. जुनीच रीत आहे ती, १९९४ मध्ये तर राज्यघटनेतच आली. घराच्या अगदी जवळ जायचं नाही, उभ्या पिकात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही एवढं पाळलं की झालं. लहानपणी त्यामुळे "हे कोणाचं आहे" असा प्रश्न जंगलात डोक्यात यायचाच नाही, मोठेपणी दुसऱ्या देशात राहायला गेल्यावर पाट्या बघून फार अवघडल्यासारखं झालं.

आमची बेरी म्हणजे रानातली निळी बिलबेरी. दुकानातल्या मोठ्या ब्लूबेरीशी तिची गल्लत करू नका, ती आतून पांढरट-हिरवट असते, ही आतपर्यंत जांभळी. जीभ, दात, बोटं, मोजे, सगळं रंगतं. झुडूप गुडघ्याच्याही खाली, त्यामुळे पाठ मोडते. आणि फळं झुपक्याने नसतात, एकेकटी. त्यासाठी एक डबा मिळतो, पुढे कंगव्यासारखे दात असलेला, तो झुडपातून वर ओढायचा की फळं आत आणि पानंही आत. मग ती निवडायची युक्ती म्हणजे एक फळी तिरकी ठेवून त्यावर ओलं फडकं अंथरायचं आणि वरून बेऱ्या सोडायच्या, बेऱ्या घरंगळत खाली भांड्यात आणि पानं फडक्याला चिकटून राहतात. हे काम आम्हा लहान मुलांचं असायचं आणि आम्ही त्यासाठी भांडायचो.

पाय पण निराळा. लाटायचं काही नाही. लोणी, ओट, मैदा, साखर आणि थोडं सिरप बोटांनी चुरायचं आणि बेऱ्यांवर पसरायचं, २०० अंशाला साधारण अर्धा तास. वर गार व्हॅनिला सॉस. गरम पाय आणि गार सॉस, याच्यापुढे मला कुठलाही जाळीदार पाय नको. बेऱ्यांना आधी एक-दोन चमचे बटाट्याचं स्टार्च चोळायचं, बास.

सप्टेंबरमधे लिंगनबेरी, लाल, कडवट-आंबट. तिचा पाय नाही करत फारसा, कच्चीच साखरेत घोटून ठेवतात आणि ती न शिजवता टिकते कारण तिच्यात बेंझोइक ॲसिड आपोआपच असतं. आम्हाला लहानपणी फक्त एवढंच माहीत होतं की बिलबेरी हावरटासारखी लगेच संपवायची आणि लिंगन हिवाळ्यासाठी ठेवायची.

नवीनओव्हन
फार छान लिहिताय सगळे. माझं लहानपण असं नाही गेलं पण आता मुलांना घेऊन बेऱ्या तोडायला जातो आम्ही, आणि घरी येऊन पाय केला की कापल्यावर सगळा रस ताटभर पळतो आणि खालची पारी म्हणजे ओला पुठ्ठा. मुलं चमच्याने खातात आनंदाने पण मला तो कापून तुकडा उभा राहिलेला हवाय. काय करू?

पाऊसवाट
नवीनओव्हन, तुमचा प्रश्न बरोबर वेळेवर आला, मी पायचं लिहिणारच होते.

रस पळतो त्याची कारणं बहुतेक दोनच असतात. एक, तुम्ही तो लवकर बाहेर काढता. कॉर्नस्टार्च (म्हणजेच कॉर्नफ्लोअर) साधारण ९५ अंशाला पूर्ण फुलतं, म्हणजे पायच्या कडेला बुडबुडे आले म्हणून भागत नाही, मधोमध जाड, संथ बुडबुडे दिसले पाहिजेत. वरचं आवरण सोनेरी झालं की सगळे घाबरून काढतात. काढू नका, वर सैलसर फॉइल टाका आणि राहू द्या. दोन, तुम्ही तो गरम कापता. किमान तीन-चार तास गार होऊ द्यायचा, स्टार्च गार होतानाच धरतं. आमच्याकडे पाय संध्याकाळी व्हायचा आणि खिडकीत राहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला, कारण आजी म्हणायच्या रात्रीचा पाय म्हणजे सूप.

माझं प्रमाण : साधारण ८५० ग्रॅम ब्लॅकबेरी, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम साखर (रानातली आंबट असेल तर जास्त, पण आधी चाखा), चार टेबलस्पून कॉर्नस्टार्च, एका लिंबाचा रस नाही, अर्ध्याच लिंबाचा, चिमूट मीठ. हे सगळं पारीत भरायच्या अगदी आधी कालवायचं. आधी कालवून ठेवलं की साखर रस ओढून काढते आणि मग तो रस खालच्या पारीत मुरतो.

पारीसाठी अडीचशे ग्रॅम मैदा आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास लोणी, लोणी फ्रीजमधून काढलेलं कडक. ते पूर्ण चोळून एकजीव करू नका, वाटाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. ओव्हनमधे ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पदर उचलते. लोणी आधीच मऊ झालं तर पदर सुटत नाहीत, बिस्किटासारखं घट्ट होतं. बर्फाचं पाणी अगदी लागेल तेवढंच आणि मळायचं नाही, गोळा कसाबसा जुळला की झाकून तासभर फ्रीजमधे. मळलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि पारी भाजताना आक्रसते.

खालची पारी कोरडी राहायला काचेची थाळी घ्या म्हणजे खालून रंग दिसतो. ओव्हनमधे खालच्या कप्प्यात एक जाड ट्रे आधीपासून तापत ठेवा आणि त्यावर पाय. २२० अंशाला वीस मिनिटं, मग १९० ला चाळीस ते पन्नास. वर जाळी विणा किंवा चिरा पाडा, पण वाफेला भरपूर वाट ठेवा, रसाळ फळाला जाळी यासाठीच असते, दिसायला छान दिसते तो वरचा फायदा.

खडकाळकिनारा
मेनवाल्यांनी पण हजेरी लावलीच पाहिजे :) आमचं लहानपण अमेरिकेच्या मेन राज्यात, अगदी पूर्व टोकाला वॉशिंग्टन काउंटीत गेलं (पाऊसवाट यांच्या वॉशिंग्टनपासून अख्खा देश ओलांडून). तिकडे ब्लूबेरी बॅरन्स असतात, उघडी खडकाळ पठारं आणि त्यावर घोट्याएवढी रानटी ब्लूबेरी. कोणी लावलेली नाही ती, जमिनीखालून आपोआप पसरलेली. पण माणूस तिची निगा राखतो, दोन वर्षांचं चक्र असतं, एका वर्षी पीक आणि मग ते रान जाळून किंवा कापून टाकायचं, पुढच्या वर्षी नुसती पालवी, त्याच्या पुढच्या वर्षी परत पीक. आग लावून बेरीचं रान राखायची रीत तिथल्या मूळ लोकांची, पॅसामाक्वॉडी वगैरे, बाकीच्यांनी त्यांच्याकडून घेतली.

आणि एकेक झुडूप जमिनीखालून पसरून मोठा पट्टा व्यापतं, त्यामुळे एका पट्ट्यातली बेरी जवळजवळ काळी, शेजारच्या पट्ट्यातली फिकी निळी पावडर लावल्यासारखी, आणि प्रत्येकाची चव निराळी. पायसाठी आम्ही चार-पाच पट्ट्यांतून फिरून तोडायचो, एकाच जागी बसून नाही. पाऊसवाट यांचं झुडपापाशी ठरण्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं ते यामुळे. दुकानातल्या मोठ्या ब्लूबेरीच्या खोक्यात सगळ्या एका जातीच्या, एका आकाराच्या, म्हणून पायची चवही सपाट लागते.

आमचा पाय दोन तऱ्हांचा. एक भाजलेला, दोन पाऱ्यांचा. दुसरा मला जास्त आवडणारा, पारी रिकामीच भाजून घ्यायची, निम्म्या बेऱ्या साखर, पाणी आणि कॉर्नस्टार्चबरोबर शिजवायच्या आणि गॅस बंद करून उरलेल्या निम्म्या कच्च्याच त्यात मिसळायच्या, मग पारीत ओतून गार करायचं. खाताना शिजलेली आणि ताजी दोन्ही लागतात. पारी भिजायचा प्रश्नही नाही, नवीनओव्हन यांनी हा करून बघाच. रानटी ब्लूबेरीचा पाय २०११ मध्ये मेनचं अधिकृत गोड पक्वान्न ठरला, पण तिकडे त्याच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक घरात होता.

जातायेता अभ्यासू
ब्लूबेरीचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. दुकानातली मोठी ब्लूबेरी ही पण रानातून तोडणाऱ्या लोकांमुळेच आली. न्यू जर्सीत व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९११ पासून एकत्र काम केलं. व्हाइटबाईंनी आसपासच्या बेरी तोडणाऱ्यांना सांगितलं की सगळ्यात मोठी फळं येणारी झुडपं दाखवा, आणि मोजायला पाच-अष्टमांश इंच भोकाची पट्टी दिली, त्या भोकातून फळ पडलं तर झुडूप नापास. ज्याने झुडूप दाखवलं त्याचं नाव त्या झुडपाला, त्यातलंच रूबेल अजून लागवडीत आहे. पहिलं पीक १९१६ मध्ये विकलं गेलं. म्हणजे रानात कुठे काय चांगलं लागतं हे ज्यांना पाठ होतं त्यांच्या डोक्यातल्या माहितीवर तो सगळा धंदा उभा राहिला.

आणि पाऊसवाट, तुमची ती मोठी काटेरी ब्लॅकबेरी हिमालयन म्हणून ओळखली जाते पण तिचं मूळ आर्मेनिया आणि उत्तर इराणकडचं. रोपांच्या नव्या जाती तयार करणारे ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये ती हिमालया जायंट नावाने अमेरिकेत आणली आणि मग ती बागेतून पळाली. आता वॉशिंग्टन-ऑरेगनमधे ती उपद्रवी तण म्हणून नोंदलेली आहे, मूळच्या झाडांना दाबून टाकते. त्यामुळे एक काळजीची गोष्ट : रस्त्याकडेच्या जाळ्यांवर तणनाशक मारतात. पानं सुकलेली, पिवळी, मुरडलेली दिसली तर तिथली फळं मुलांना देऊ नका, फळ कितीही छान दिसत असलं तरी.

डोंगरपायथा
हकलबेरीचं कोणी लिहिलंच नाही अजून! आम्ही वॉशिंग्टनच्या दक्षिणेला, माउंट ॲडम्सच्या बाजूला जायचो दर ऑगस्टच्या शेवटी. डोंगरातली ती जांभळी-काळी हकलबेरी, तिच्या पायला जो वास येतो तो ब्लूबेरीला कधीच येत नाही. ती अजून मोठ्या प्रमाणावर शेतात आलेली नाही, झुडूप खाली सपाटीवर आणून लावलं की नीट फळत नाही, म्हणून जे काही मिळतं ते डोंगरात जाऊन तोडलेलंच. शेजारच्या आयडाहोचं ते २००० सालापासून राज्यफळ आहे.

तिथे गिफर्ड पिंचो जंगलात सॉटूथ बेरी फील्ड्स आहेत. बाबा आम्हाला तिथली गोष्ट सांगायचे आणि मला ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथले मूळ रहिवासी यकामा लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे उन्हाळ्यात तळ टाकून बेऱ्या तोडत, वाळवत. १९३० च्या मंदीत बेरोजगार लोक हजारोंनी तिथे बेऱ्या तोडून विकायला आले आणि यकामांना जागाच उरेना. तेव्हा १९३२ मध्ये यकामांचे प्रमुख विल्यम यॅलप आणि जंगलखात्याचे अधिकारी ब्रुकार्ट यांनी नुसता हात मिळवून ठरवलं की रानाचा एक भाग फक्त यकामांसाठी. कागदावर सही नाही काही नाही, आणि ते अजून पाळलं जातं, पाट्या आहेत तिथे. आम्ही रस्त्याच्या अलीकडे तोडायचो आणि पलीकडे कितीही जांभळं दिसलं तरी पाऊल टाकायचं नाही, बाबांची सक्त ताकीद. मला माणसांच्या शब्दाला किंमत असते हे बहुतेक तिथेच कळलं.

आणखी एक दुःखाची बाजू म्हणजे ती रानं आक्रसत चालली आहेत. पूर्वी यकामा आणि इतर लोक मुद्दाम आग लावून झाडी मागे ठेवायचे (मेनसारखंच अगदी), मग सरकारने आगी विझवायच्या असं धोरण धरलं आणि फरसारखी सूचिपर्णी झाडं उघड्या रानात शिरली, सावलीत हकलबेरी फळत नाही. आम्ही लहानपणी जिथे तोडायचो तिथला बराच भाग आता गर्द आहे.

अस्वलांचं पण लिहायला हवं, हकलबेरी हे त्यांचं हिवाळ्याआधीचं खाणं. आम्ही मोठ्याने गाणी म्हणत तोडायचो म्हणजे त्यांना आधी कळावं की इथे माणसं आहेत. आई मात्र प्रत्येक झुडपावर थोडी फळं ठेवायला लावायची, त्यांच्या वाटणीची.

घरचीताई
आठवणी फार सुंदर आहेत पण मी आई म्हणून एक लिहून ठेवते कारण हे वाचून मुलांना घेऊन रानात जाणारे असतील. ओळख पटल्याशिवाय काहीही तोंडात नाही, आणि ओळख फोनवरच्या फोटोवरून नाही, जाणत्या माणसाकडून. एल्डरबेरीचे पण पाय होतात, काळ्या-निळ्या एल्डरबेरीचे, पण ती कच्ची खायची नाही, पोट बिघडतं, मळमळतं, बिया-देठ-पानात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, शिजवूनच आणि देठ काढूनच. युरोपात बेलाडोनाची काळी चकचकीत फळं मुलांना बेरीच वाटतात आणि ती जीवघेणी आहेत. अमेरिकेच्या पूर्वेला पोकवीड, लाल दांडीवर काळ्या फळांचे लोंबते घोस, ते पण विषारी. लहान मुलांना आधी एकच बेरी नीट ओळखायला शिकवा, तीच तोडू द्या, दुसरी पुढच्या वर्षी.

पाऊसवाट
घरचीताई, अगदी हवं होतं हे, धन्यवाद. आमच्याकडेही हाच नियम होता, विचारल्याशिवाय नवीन फळ तोंडात नाही.

डोंगरपायथा, तुमच्या बाबांची ताकीद वाचून खूप छान वाटलं. आम्ही कधी इतक्या उंचावर गेलो नाही, आमची हकलबेरी म्हणजे खालची लाल, ती कुजलेल्या जुन्या खोडांवर उगवते, माणसाच्या उंचीएवढ्या बुंध्यावर लाल मण्यांचं झुडूप. आंबट्ट. ब्लॅकबेरीच्या पायमधे मूठभर घातली की लिंबू लागत नाही.

कुंपणापलीकडे
पाऊसवाट, दालचिनी घालता का तुम्ही? आमच्याकडे लवंग एखादी.

पाऊसवाट
नाही हो, काहीच नाही. सफरचंदाबरोबर चालत असेल पण बारक्या ब्लॅकबेरीला स्वतःचा इतका सुगंध आहे की दालचिनी घातली की फक्त दालचिनीच लागते. ज्या फळासाठी अख्खी दुपार घातली त्याचीच चव यायला हवी.

बर्चवन
+१. आम्ही वेलदोडासुद्धा नाही घालत बिलबेरीला, आणि स्वीडनमधे वेलदोडा बाकी सगळ्या बेकिंगमधे असतो.

नवीनओव्हन
कालच केला! तुमच्या सांगण्याप्रमाणे मधोमध बुडबुडे येईपर्यंत ठेवला आणि रात्रभर गार केला, तुकडा उभा राहिला!! मुलं म्हणाली आधीचाच बरा होता, रस जास्त होता :) पण एक अडचण आली, बेऱ्या धुताना पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या. लहानपणी तुमच्याकडे असायच्या का? टाकून द्यायला हव्या होत्या का?

जातायेता अभ्यासू
ती स्पॉटेड विंग ड्रोसोफिला नावाची माशी असावी. साध्या फळमाश्या सडलेल्या फळात अंडी घालतात, ही पिकत आलेल्या धडधाकट फळाला छिद्र पाडून आत घालते. आशियातली आहे, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली आणि पुढच्याच वर्षी ऑरेगन-वॉशिंग्टनमधे. म्हणजे पाऊसवाटच्या लहानपणी ती नव्हतीच. खाल्ल्याने काही होत नाही. मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवल्या की अळ्या बाहेर येतात, मग स्वच्छ धुवायच्या. आणि हंगामाच्या सुरुवातीच्या बेऱ्या घ्या, जसजसा उशीर तसतशी माशी वाढत जाते. तोडल्या की लगेच गार करा, फ्रीजमधे अळी वाढत नाही.

ओलीवाट
फ्रीझरमधल्या बेऱ्यांचा पाय जमतो का कोणाला? माझ्याकडे गेल्या उन्हाळ्याच्या पिशवीभर आहेत, सगळ्यांचा एक गोळा झालाय.

खडकाळकिनारा
गोळा झाला म्हणजे ओल्या भरल्या असतील. पुढच्या वेळी धुऊन, पूर्ण कोरड्या करून, ट्रेवर एका थरात पसरून गोठवा आणि मग पिशवीत, सुट्या राहतात. आम्ही रानटी ब्लूबेरी तर न धुताच गोठवतो, वापरताना धुतो. या वेळच्या गोळ्याचा माझ्या दुसऱ्या तऱ्हेसारखा शिजवून करा, किंवा चाळणीत वितळू द्या, गळलेला रस वेगळा आटवा आणि घट्ट झाला की बेऱ्यांत परत घाला, रस फेकू नका.

पाऊसवाट
आणि सुट्या गोठलेल्या असतील तर न वितळवताच पारीत भरा, स्टार्च अर्धा चमचा जास्त, आणि भाजायला पंधरा-वीस मिनिटं जास्त. मधोमधचे बुडबुडे मात्र तेव्हाही बघायचेच. मी डिसेंबरमधे असाच करते, बारक्या ब्लॅकबेरीची एक पिशवी त्यासाठी राखून ठेवलेली असते आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलेलं आहे.

अजून कोणी रास्पबेरीचं लिहिलं नाही, क्लाउडबेरीचं पण नाही. नॉर्वे-फिनलंडकडचं कोणी आहे का इथे?